जरा ॲडजस्ट करा!

सकाळची वेळ. लोणी स्टेशनचा फलाट. दौंडकडून येणारी गाडी उरुळीहून सुटली, असं कुणीतरी सांगतं आणि फलाटावरची माणसं आपापली ठरलेली जागा धरून उभी राहतात. गाडी येते ती आधीच भरून आलेली. तरी सगळे आत शिरतात. तिघांच्या बाकावर तिघं बसलेले असतात. चौथा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहतो, खांद्यावरची पिशवी पोटाशी धरतो आणि म्हणतो, ''काका, जरा ॲडजस्ट करा.'' काका पेपरातून डोकं वर काढत नाहीत, पण चार बोटं सरकतात. त्यांच्या शेजारचा दोन बोटं सरकतो. खिडकीजवळचा भिंतीला आणखी थोडा चिकटतो. जिथं जागा नव्हतीच तिथं एक माणूस बसतो. मांजरी मागं पडून हडपसर येईपर्यंत हा चौथा इतका जुना झालेला असतो की, पाचवा कुणी आला तर ''अहो, इथं जागा कुठाय?'' असं त्यालाच तो सुनावतो!

लोणी काळभोरहून पुण्याला नोकरीसाठी जाता-येता माझी पंचवीसेक वर्षं या गाडीत गेली. मार्केट यार्डातल्या एका पेढीवर मी हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. घरात दखनी बोलतो, दारात मराठी. त्यामुळं शब्द एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातात तेव्हा काय होतं, हे पाहायची सवय लहानपणापासून लागलेली. असं राहायला आलेल्या एका इंग्रजी क्रियापदाबद्दल आज बोलायचं आहे. क्रियापद आपण सगळेच वापरतो. शाळेची पायरी न चढलेली माणसंही वापरतात. कुणी 'ॲडजस' म्हणतं, कुणी 'ॲडजेस'. आमच्या शेजारच्या आजी तर 'अडजस' म्हणायच्या. मला वाटायचं, 'अडचण' या शब्दाचंच हे कुणीतरी नात्यातलं असणार.

आधी हा शब्द त्याच्या स्वतःच्या घरी कसा वागतो ते पाहू. इंग्रजीत त्याचे ढोबळ तीन उपयोग आहेत. पहिला वस्तूंचा. मोटारीचा आरसा, दुर्बिणीची काच, गळ्यातल्या टायची गाठ, मागं-पुढं झालेलं घड्याळ, हे थोडंसं हलवून नीट जागेवर आणायचं, म्हणजे ॲडजस्ट करायचं. यातला 'थोडंसं' हा शब्द महत्त्वाचा. मोडून नवं करणं म्हणजे ॲडजस्ट करणं नव्हे. वस्तू तीच, जागा तीच, फरक केसाएवढा. दुसरा उपयोग पैशांचा. जमाखर्चातली चूक दुरुस्त करायची, आगाऊ दिलेली रक्कम बिलातून वळती करायची, विम्याच्या दाव्यात नुकसानीचा आकडा ठरवायचा, या सगळ्याला तेच क्रियापद. तिसरा उपयोग माणसांचा. नव्या गावाची, नव्या हवेची, नव्या नोकरीची सवय होणं. उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेलं की सुरुवातीला काही दिसत नाही, मग हळूहळू डोळे सरावतात. इंग्रजीत डोळ्यांच्या या सरावण्यालाही ॲडजस्ट होणंच म्हणतात.

आता गंमत पाहा. या तिन्हींत आपल्या गाडीतलं 'जरा ॲडजस्ट करा' कुठंच बसत नाही. विलायतेतल्या एखाद्या प्रवाशासमोर जाऊन नुसतंच ''प्लीज ॲडजस्ट'' म्हटलं, तर तो बिचारा गोंधळेल. काय ॲडजस्ट करू? चष्मा? पट्टा? त्याच्या भाषेत हे क्रियापद असं उघडंवाघडं येत नाही. काय नीट करायचं किंवा कशाची सवय करायची, ते बहुधा सांगावं लागतं. त्याला सरकायला सांगायचं तर 'थोडं सरकता का' असं म्हणणारे वेगळे शब्द त्याच्याकडं आहेत. म्हणजे 'ॲडजस्ट करा' हे इंग्रजी नव्हेच. शब्द त्यांचा, अर्थ आपला. एकट्या मराठीचाही नव्हे. आमच्या गावावरून जाणारा हाच लोहमार्ग पुढं सोलापूर ओलांडून कर्नाटकात शिरतो. तिकडं बंगळूरला 'स्वल्प ॲडजस्ट माडि' हे वाक्य इतकं चालतं की त्याची म्हणच झाली आहे. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'माडि' म्हणजे करा. तमिळनाडूत 'ॲडजस्ट पण्णुंग' म्हणतात. 'पण्णुंग' म्हणजेही करा. साऱ्या देशानं मिळून या क्रियापदाला चौथं घर बांधून दिलं. तिघांच्या बाकावर चौथा बसवावा तसंच.

आपल्याकडं हा शब्द आला कोणत्या दारानं? कन्नडमध्ये 'माडि', तमिळमध्ये 'पण्णुंग' आणि मराठीत 'करा', या तिन्हींत उत्तर आहे. परका शब्द आला की मराठी त्याला एकदम आपलं क्रियापद होऊ देत नाही. 'मी ॲडजस्टतो, ती ॲडजस्टते' असं आपण म्हणत नाही. त्याच्या हातात 'करणे' किंवा 'होणे' ही काठी देतो आणि मग तो चालू लागतो. हे दार इंग्रजीसाठी काढलेलं नाही, ते फार जुनं आहे. माफ करणे, कबूल करणे, जमा करणे, वसूल करणे, सुरू करणे, हजर होणे; यातले माफ, कबूल, जमा, वसूल, सुरू, हजर हे सगळे मुळात अरबी शब्द. फारसीच्या सोबतीनं ते आले, 'करणे' आणि 'होणे' यांचा हात धरून आत शिरले आणि आज ते पाहुणे आहेत हे सांगावं लागतं. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढं १९२५ साली माधव जूलियन यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, तेव्हा मराठीत फारसीच्या वाटेनं आलेल्या शब्दांचा केवढा मोठा गोतावळा आहे ते एकत्र पाहायला मिळालं. सांगायचं एवढंच, की परका म्हणून शब्दाला दारातून परत पाठवावं, या मताचा मी नाही. ज्या दारानं 'माफ' आला त्याच दारानं 'ॲडजस्ट' आला. प्रश्न तो आला याचा नाही. आल्यावर आपण त्याच्याकडून काय काय काम करून घेतो, याचा आहे.

आणि कामं तर आपण त्याच्याकडून पुष्कळ करून घेतो. आठवडाभर कान उघडे ठेवून मी एकदा यादीच केली. शिंपी म्हणतो, ''बाही ॲडजस्ट करून देतो.'' किराणा दुकानदार म्हणतो, ''सुटे नाहीत, पुढच्या बिलात ॲडजस्ट करू.'' पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, ''भाजी थोडी आहे, ॲडजस्ट करून वाढ.'' पेढीवर एक जण रजेवर गेला की मालक म्हणतात, ''आजच्या दिवस ॲडजस्ट करून घ्या.'' निवडणुका आल्या की पारावर कुजबुज होते, ''वरच्या पातळीवर ॲडजस्टमेंट झाली बरं का!'' आणि २०२१ साली लोणी काळभोर पोलीस ठाणं पुणे ग्रामीणमधून काढून पुणे शहर आयुक्तालयाला जोडलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, ''म्हंजे आता गाव शेहरात ॲडजस झालं म्हना की!''

या वाक्यांतली शेपटं नीट पाहा. मराठीनं या शब्दाला जी शेपटं जोडली ती इंग्रजीत नाहीत. 'ॲडजस्ट करून दे' म्हणजे दुसऱ्यासाठी. 'ॲडजस्ट करून घे' म्हणजे तुझं तू, तुझ्या अंगावर. 'ॲडजस्ट करून टाक' म्हणजे विषय संपव. 'होईल ॲडजस्ट' म्हणजे कुणी काहीच करायचं नाही, देवावर हवाला. घेणे, देणे, टाकणे या छोट्या क्रियापदांनी मराठी माणूस केवढा संसार सांगतो!

आणखी एक बारीक गोष्ट आहे. माणसांबद्दल बोलताना इंग्रजीत 'कशाला तरी' ॲडजस्ट होतात. आपण बहुतेक वेळा 'कुणाशी तरी' ॲडजस्ट करतो. सुनेनं सासूशी ॲडजस्ट केलं, त्याचं साहेबांशी ॲडजस्ट होत नाही. ही 'शी' कुठं कुठं येते? बोलतो कुणाशी, भांडतो कुणाशी, मैत्री कुणाशी, लग्न कुणाशी. ही सगळी कामं एका हातानं होत नाहीत, टाळी दोन्ही हातांची लागते. म्हणजे मराठीनं हा परका शब्द घेतला आणि न सांगता त्याला दुहेरी कामांच्या पंगतीत बसवलं. व्याकरणाला कळलं ते आपल्याला मात्र प्रत्येक वेळी कळतंच असं नाही.

या शब्दाच्या मुळाशी जावं म्हणून मी एकदा कोश उघडला आणि चकित झालो. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. फ्रेंचमधला तो शब्द लॅटिनमधल्या 'युक्स्ता'पर्यंत जातो. 'युक्स्ता' म्हणजे जवळ, शेजारी. म्हणजे ॲडजस्ट करणं याचा मुळातला अर्थ जवळ आणणं, शेजारी बसवणं. पुढं फ्रेंचमध्ये लोकांना तो 'न्याय्य, बरोबर' अशा अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दासारखा ऐकू येऊ लागला आणि 'बरोबर करणं, नीट करणं' ही छटा त्यात मिसळली. अशी या शब्दाला जणू दोन घराणी आहेत, एक शेजाराचं आणि एक न्यायाचं.

हे लॅटिन 'युक्स्ता' ज्या धातूपासून निघालं, तो आणि आपला संस्कृत 'युज्' ही सख्खी भावंडं, असं भाषेचा अभ्यास करणारे सांगतात. युज् म्हणजे जोडणं. त्याचीच मुलं-नातवंडं म्हणजे योग आणि युग, आणि युगापासून आलेलं बैलांच्या मानेवरचं आपलं जू. युगल, आणि त्यापासून जुळं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, त्या नावातला योगही हाच. इंग्रजीतलं 'जंक्शन' याच कुळातलं. म्हणजे पुणे जंक्शन आणि दौंड जंक्शनच्या मध्ये, गर्दीच्या डब्यात, 'जरा ॲडजस्ट करा' म्हणणारा माणूस एकाच धातूच्या गोतावळ्यात बसून प्रवास करत असतो! सरकारी मराठीनं या शब्दाला जो प्रतिशब्द दिला तोही पाहा. अतिरिक्त शिक्षकांचं 'समायोजन' अशी बातमी आपण वाचतो. त्या समायोजनातला 'योजन' हाही युज् धातूचाच. पाहुणा म्हणून ज्याला घरात घेतलं तो लांबचा भाऊच निघाला.

जू म्हटलं की दोन माना आल्या. एका मानेचं जू नसतं. ही गोष्ट मला पुस्तकाबाहेर दोन ठिकाणी शिकायला मिळाली. एक म्हणजे आमच्या रस्त्यावरचं गॅरेज. मोटारसायकलची चेन सैल झाली म्हणून गेलो होतो. गॅरेजवाल्या पोरानं मागच्या चाकाचा एका बाजूचा नट थोडा फिरवला, मग उठून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिकडचाही तेवढाच फिरवला. मी म्हटलं, ''एकीकडूनच ओढून घे की, लवकर होईल.'' तो हसला. म्हणाला, ''चाचा, एकीकडूनच ॲडजस्ट केलं तर चाक वाकडं बसतं. दोन्हीकडनं सारखं फिरवावं लागतंय. आणि लई ताणून चालत नाही, तुटती. लई सैल ठिवली तर उतरती.'' मी त्याला पैसे दिले ते चेनचे, पण घेऊन आलो ते व्याख्यान.

दुसरं ठिकाण म्हणजे माझी खतावणी. वर्षअखेरीस आम्ही हिशेबनीस ज्या नोंदी करतो त्यांना ॲडजस्टमेंटच्या नोंदी म्हणतात. खर्च या वर्षाचा पण पैसे पुढच्या वर्षी द्यायचे, भाडं आगाऊ आलेलं पण काही महिने पुढच्या वर्षातले, अशा गोष्टी त्या नोंदींनी योग्य जागी बसवायच्या. नियम असा की, प्रत्येक नोंदीला दोन बाजू हव्यात. एका खात्याच्या नावे पडलं तर दुसऱ्या खात्याला तेवढंच जमा झालं पाहिजे. नुसती एकाच्या नावे टाकत गेलात तर ताळेबंद जुळत नाही. कितीही रात्र झाली तरी जुळत नाही.

संसारात मात्र आपण एकाच खात्याच्या नावे टाकत जातो आणि ताळेबंद जुळला असं समजतो.

आमच्या थोरल्या मुलीचं लग्न जमवायचं होतं तेव्हाची गोष्ट. पाहुणे आले. चांगली माणसं होती. चहा-नाश्ता झाला, शिक्षणाचं विचारून झालं. मग मुलाकडच्या एका बाई हसत म्हणाल्या, ''बाकी कुछ नहीं, लडकी ॲडजस्ट करनेवाली है ना?'' माझी बायको फारशी बोलणारी नव्हे. तिनं तेवढ्याच हसत उत्तर दिलं, ''हां हां, है ना. और लडका?'' खोलीत क्षणभर कपबशीचा आवाज तेवढा राहिला. मग त्या बाई स्वतःच मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, ''सही पूछा आपने.'' ते लग्न झालं आणि बरं चाललं आहे. पण किती घरांत हा उलटा प्रश्न विचारला जातो? मुलाला 'तू ॲडजस्ट करणारा आहेस ना' असं विचारलेलं मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट आमची स्वतःची. नव्वदच्या दशकात, लग्नानंतर लगेचच, आम्ही पुण्यात भाड्याची जागा शोधत होतो. नोकरीच्या जवळ राहिलं तर गाडीची धावपळ वाचेल, एवढाच हेतू. एका घरमालकांकडं गेलो. सुशिक्षित, अगत्यशील गृहस्थ. त्यांनी माझी एक कविता दिवाळी अंकात वाचलेली होती, तिच्याबद्दल आवर्जून बोलले. चहा दिला. खोल्या दाखवल्या. नाव पूर्ण सांगितलं तेव्हा थोडे थांबले. मग अगदी मृदू आवाजात म्हणाले, ''तसं आमचं काही नाही हो. पण इथं तुम्हालाच ॲडजस्ट व्हायला जड जाईल.''

त्यांनी नाही म्हटलं नाही. ते काम त्यांनी त्या क्रियापदाकडून करून घेतलं. परत येताना बायको बसमध्ये काही बोलली नाही. मी मात्र त्या वाक्याचं व्याकरण सोडवत बसलो होतो. जागा त्यांची, संकोच त्यांचा, शेजाऱ्यांची भीती त्यांची. आणि वाक्याचा कर्ता मी! जड जाणार होतं ते मला! ज्या शब्दाचं मूळ 'शेजारी बसवणं' हे आहे, तोच शब्द शेजार नाकारायला वापरता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या गृहस्थांवर माझा राग राहिलेला नाही. पुढं आम्ही लोणीतच स्थिरावलो, गाव आमचं झालं आणि गाडी सुटली नाही.

पण गाडी सुटली नाही म्हणूनच एक गोष्ट ध्यानात आली. डब्यात हे वाक्य कोण कुणाला म्हणतं? उभा असलेला, बसलेल्याला. ज्याच्याकडं जागा नाही तो, जागा असलेल्याला. तिथं सरकायचं असतं ते बसलेल्यानं. म्हणून ते वाक्य कानाला गोड लागतं. घरात, वाड्यात, कचेरीत नेमकी दिशा फिरते. तिथं बसलेला माणूस उभ्या असलेल्याला सांगतो, 'तू ॲडजस्ट कर.' सासर नव्या सुनेला सांगतं. वरिष्ठ हाताखालच्याला सांगतो. घरमालक भाडेकरूला सांगतो. जो आधीच एका पायावर उभा आहे त्याला आणखी आकसायला सांगायचं, आणि ज्यानं पाय पसरलेत त्यानं ते पसरलेलेच ठेवायचे. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो जागा मागतो आणि दुसऱ्या ठिकाणी जागा काढून घेतो. ही ओळखायची खूण अगदी सोपी आहे. 'ॲडजस्ट करा' हे शब्द कानावर पडले की आधी पाहावं, बोलणारा बसलेला आहे की उभा.

दुसरी खूण वजनाची. हा शब्द यायच्या आधी आपल्याकडं काय शब्द नव्हते? सरकून घेणं होतं, सामावून घेणं होतं, जुळवून घेणं होतं. भागवणं, निभावणं, चालवून घेणं, पडतं घेणं, मनाला मुरड घालणं, खपवून घेणं, सोसणं हे सगळं होतं. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वजनाचा आहे. आमटीत मीठ कमी पडलं तर चालवून घ्यावं. पगार उशिरा झाला तर भागवावं. भावाशी वाद झाला तर एखादे वेळी पडतं घ्यावं. पण नवरा रोज हात उगारतो, तर ते 'सोसणं' आहे. मालक महिनोन्‌महिने हक्काचे पैसे देत नाही, ते 'खपवून घेणं' आहे. हे शब्द उच्चारले की बोचतात, आणि बोचतात म्हणून माणूस जागा होतो. आता या दहा शब्दांच्या जागी आपण एकच गुळगुळीत शब्द ठेवला. आमटीतल्या मिठालाही ॲडजस्ट, आणि मारहाणीलाही ॲडजस्ट! रडत माहेरी आलेल्या लेकीला आई म्हणते, ''ॲडजस्ट कर गं बाई, सगळ्यांनाच करावं लागतं.'' 'सोस' म्हणायला त्या आईची जीभ रेटली नसती. इंग्रजी शब्दानं तिची जीभ सोपी केली आणि लेकीचं जगणं अवघड केलं. म्हणून माझी एक विनंती आहे. हा शब्द तोंडात आला की क्षणभर थांबून त्या जागी वरच्या यादीतला नेमका मराठी शब्द घालून पाहावा. सरकणं बसत असेल तर सरकावं. सोसणं बसत असेल, तर ती ॲडजस्टमेंट नव्हे. तिथं कुणीतरी मध्ये पडायला हवं.

मग खरं ॲडजस्ट करणं दिसतं तरी कुठं? आमच्या गावात ते दर वर्षी एका रात्रीपुरतं सगळ्यांना दिसतं. पंढरपूरला निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघते आणि लोणी काळभोरला मुक्कामी येते. त्या दिवशी गावाची लोकसंख्या किती पटींनी वाढते ते कोण मोजणार! शाळा, देवळं, मंगल कार्यालयं, ओसऱ्या, दुकानांच्या पायऱ्या, जिथं पाठ टेकेल तिथं माणूस असतो. एका वर्षी संध्याकाळी पावसानं गाठलं. आमच्या शेजारच्या काकूंच्या ओसरीवर सहा माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. तिथं आधीच आठ वारकरी बसले होते. आणखी चौघी बायाबापड्या भिजत दारात आल्या. आतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना बोलूसुद्धा दिलं नाही. ''या माउली, या, आत या,'' म्हणत तेच उठून उभे राहिले, गाठोडी भिंतीला लावली आणि भिजलेल्यांना कोरडी जागा दिली. काकूंनी आपली आतली खोली उघडली. आमच्या घरून चटया आणि चहाची किटली गेली. त्या सगळ्या गडबडीत 'ॲडजस्ट करा' हे शब्द मला एकदाही ऐकू आले नाहीत. मागावं लागलंच नाही, कारण जे बसलेले होते ते आधी उठले. याला आपला शब्द आहे, सामावून घेणं. त्याचा कर्ता नेहमी आतला माणूस असतो.

शेवटी पुन्हा थोडं व्याकरण, आणि मग मी थांबतो. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. ही श्रीमंती पुष्कळ भाषांना नाही. पण याच 'आपण'ला मराठीत दुसराही एक उपयोग आहे, आदरानं 'तुम्ही' म्हणण्याचा. त्यामुळं दोन वाक्यं अगदी सारखी दिसतात. 'आपण ॲडजस्ट करा.' 'आपण ॲडजस्ट करू.' पहिल्यात आदर पुष्कळ आहे, पण सरकायचं आहे ते समोरच्यानं एकट्यानं. दुसऱ्यात फारसा शिष्टाचार नाही, पण बोलणाराही सरकायला तयार आहे. फरक शेवटच्या अक्षरावरच्या एका काना-उकाराचा. त्या घरमालकांनी मला 'तुम्हालाच जड जाईल' असं म्हणण्याऐवजी 'आपण करू ॲडजस्ट' असं म्हटलं असतं, तर कदाचित आज मी पुण्याच्या त्या गल्लीत राहत असतो आणि त्यांच्या नातवंडांना शीरखुर्मा पाठवत असतो.

उद्या सोमवार. सकाळी पुन्हा तोच फलाट, तीच गाडी. माझं वय आता असं झालं आहे की, तरुण पोरं मला पाहून आपणहून सरकतात. पण मी बसलो आणि कुणी पिशवी पोटाशी धरून पुढ्यात उभं राहिलं, तर त्यानं तोंड उघडायच्या आत मला चार बोटं सरकायचं आहे. तेवढं आपण करू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)